टोकियो खरोखरच निर्जीव आहे काय?

पारिजातक

‘मुशाफिर’ यांनी टोकियोच्या पहिल्या भेटीवर लिहिलेला लेख वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हे शहर शिस्तबद्ध पण निर्जीव आहे, रेल्वेत कोणी कोणाशी बोलत नाही, जुने म्हणून जे दाखवतात तेही काँक्रीटचेच निघते, आणि हातातला कचरा टाकायला साधी पेटी कोठे सापडत नाही. ऐन गर्दीच्या वेळी शिंजुकू स्थानकावर उभे राहून काढलेला हा निष्कर्ष आहे. ज्या स्थानकातून रोज सुमारे 30 लाख माणसे ये-जा करतात आणि ज्याला 200 हून अधिक दारे आहेत, तेथे कोणी थांबून आपली विचारपूस करील ही अपेक्षाच मुळात अजब आहे. डब्यात फोनवर बोलू नये असा तेथे संकेत आहे, कारण खेटून उभ्या असलेल्या परक्याच्या कानाशी आपला संसार मांडू नये एवढी जाण त्या लोकांना आहे.

त्याच माणसांना संध्याकाळी युराकुचो येथे, लोहमार्गाच्या कमानींखालच्या पिठ्यांत पाहावे. डोक्यावरून गाडी धडधडत गेली तरी खालचा हशा थांबत नाही. यानाका हा भाग 1923 चा भूकंप आणि 1945 चे बाँबहल्ले या दोन्हींतून बराचसा वाचला. तेथे घरांना अंगण नसते, म्हणून लोक भिंतीला लागून रस्त्याच्या कडेलाच कुंड्यांच्या रांगा लावतात, आणि मांजरांनी तिकडे फिरकू नये म्हणून पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मधेमधे उभ्या करतात. निर्जीव शहरात मांजरांशी असे वैर कोण मांडून बसतो?

मुशाफिर

पहिल्या भेटीचा लेख पहिल्या भेटीसारखाच असणार. मी गॅझेटियर लिहायला बसलो नव्हतो. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराची परंपरा इसवी सन 628 पासून सांगितली जाते, परंतु डोळ्यांसमोर उभे असते ते 1958 साली पूर्ण झालेले काँक्रीट, आणि त्यावर अलीकडे बसवलेली टायटॅनियमची कौले. हे कळल्यावर माझा भक्तिभाव ओसरला, तर तो गुन्हा ठरू नये. पेट्यांविषयी तर मी तसूभरही मागे हटणार नाही. शिबुयापासून हाराजुकूपर्यंत मी एक रिकामा, गळका कागदी पेला हातात धरून चाललो आणि एवढ्या श्रीमंत शहरात तो टाकायला मला जागा मिळाली नाही.

काळा कातळ

काँक्रीटची खंत करण्यापूर्वी ते तेथे का आले, हे पाहण्याची तसदी घ्यायला हवी होती. 1945 च्या मार्चमधील 9 आणि 10 तारखांच्या दरम्यानच्या रात्री झालेल्या हल्ल्यात सुमारे 1 लाख माणसे मेली आणि त्याच आगीत हे मंदिर जळाले. पुन्हा लाकूड वापरून पुढच्या आगीची सोय करून ठेवायची होती काय? पेट्यांचे कारणही जगजाहीर आहे. 20 मार्च 1995 रोजी भुयारी रेल्वेत सारीन या विषारी वायूचा हल्ला झाला आणि त्यानंतर पेट्या काढल्या गेल्या.

निंबोणी

हे कारण प्रत्येक वाटाड्या सांगतो, म्हणून ते पुरे ठरत नाही. सारीन कोणत्याही पेटीत ठेवलेले नव्हते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या डब्यांच्या फरशीवर टाकून त्या छत्रीच्या टोकाने फोडल्या होत्या. मग छत्र्यांवर बंदी का आली नाही?

काळा कातळ

विनोद सुचला म्हणून मुद्दा सिद्ध होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात शिंजुकू स्थानकाच्या स्वच्छतागृहात विषारी वायू तयार करण्यासाठी ठेवलेल्या, पेटलेल्या पिशव्या सापडल्या होत्या. जेथे जेथे कोणाच्या नकळत काही टाकून जाता येते, ती प्रत्येक जागा त्या काळात संशयास्पद होती. हल्लेखोर आपली पद्धत कधीच बदलणार नाही अशी आपली खात्री असेल, तर आपल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ओसरी

मी काही वर्षे निशी-कसाई येथे राहिले आहे आणि माझे दुखणे वेगळे आहे. जळणारा कचरा ठरलेल्या वारी, प्लास्टिक दुसऱ्या वारी, बाटल्या तिसऱ्या वारी. एकदा वार चुकला, तर शेजारणीने माझी पिशवी नीट गाठ मारून परत माझ्या दारात आणून ठेवली, वर अत्यंत अदबीने वाकून नमस्कारही केला. त्या नमस्काराचा राग मला आजही आहे! तात्पर्य एवढेच, की ज्याचा कचरा त्याने घरी न्यायचा, हा तेथला व्यवहार रहिवाशाला परवडतो. ज्याचे घर म्हणजे हॉटेलची खोली, त्या पाहुण्याने काय करावे, याचा विचार त्यात नाही. पेयांच्या यंत्राशेजारची पेटी फक्त बाटल्या आणि डबे घेते, तरी तिच्या गोल भोकात पेले कोंबणारे महाभाग असतातच. मुशाफिर त्यांतले नसावेत अशी आशा आहे.

दूर्वा

कचऱ्यातून वर येऊन मूळ प्रश्नाकडे पाहावे, ही विनंती. पारिजातक यांना डब्यातल्या शांततेत केवळ समंजसपणा दिसतो, हे मला मान्य नाही. मध्यरात्रीच्या सुमारास, शेवटच्या गाडीने उतरून, मी तेथे एकटी निर्धास्त चालत गेले आहे, हे खरे. पण सकाळच्या गाड्यांना स्त्रियांसाठी वेगळे डबे ठेवावे लागतात, तेही गर्दीत अंगचटीला येणाऱ्यांमुळेच. त्या शांततेत कित्येकींना ओरडता आलेले नाही. शहराची बाजू घेताना हे वगळून चालणार नाही.

पारिजातक

वगळले, कारण माझे उत्तर मुशाफिर यांच्या तक्रारींना होते आणि त्यांत ही नव्हती. त्यांनी ही लिहिली असती, तर मी वाद घातला नसता.

मुशाफिर

दूर्वा यांचे म्हणणे माझ्या बाजूने जाते असे समजून मी त्यांचे आभार मानतो, त्यांना ते आवडो वा न आवडो. माझ्या लेखात ‘निर्जीव’ याच्या आधी ‘सकाळी आठच्या सुमारास’ एवढे घालण्याची माझी तयारी आहे; याहून अधिक सूट मिळणार नाही. यानाकाच्या बाटल्यांविषयी मात्र एक शंका राहते: ज्या शहरात त्या टाकायला पेटी नाही, तेथे त्या मांजरांसाठीच ठेवल्या असतील कशावरून?

निंबोणी

बाटल्यांनाच तेवढी पेटी मिळते, असे ओसरी यांनी वर स्पष्ट लिहिले आहे. वाचून तरी उत्तर द्यावे. आणि कातळसाहेब, छत्र्यांचे उत्तर अजून आलेले नाही.