हवामानाचा अंदाज इंग्रजीतून शिकवताना : आपले अनुभव लिहा

नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्यांना हवामानाचे शब्द शिकवताना बहुतेक वर्गांत सूर्य, ढग आणि छत्री यांची चित्रे भिंतीवर लागतात आणि 'सनी, क्लाउडी, रेनी' एवढ्यावर धडा आटोपतो. हे शब्द मुले एका तासात उचलतात, पण अंदाज त्यांना तरीही वाचता येत नाही, कारण अंदाजाचा सगळा भार 'लाइकली' या शब्दावर असतो. माझ्या सातवीच्या वर्गात 'रेन इज लाइकली' याचा अर्थ एका मुलीने 'पाऊस आवडतो' असा लिहिला होता. 'लाइक' म्हणजे आवडणे हे तिला पक्के ठाऊक होते, त्यामुळे तिचा तर्क चुकीचा म्हणवेना. तेव्हापासून मी फळ्यावर 'पडतो आहे', 'पडेल' आणि 'पडण्याची शक्यता आहे' ही तीन मराठी रूपे आधी लिहिते, त्यांच्यासमोर इंग्रजी वाक्ये मांडते आणि छत्री कोणत्या वाक्याला न्यायची, हे मुलांनाच ठरवायला सांगते. आपण हे कसे शिकवता, कुठे अडता, ते सविस्तर लिहावे.

रत्नागिरी
आमच्या शाळेत मिरकरवाडा बंदराच्या परिसरातली बरीच मुले आहेत. त्यांच्या घरी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा मोबाइलवर येतो आणि त्यात 'रफ सी' हे शब्द वारंवार असतात. मी अर्थ विचारला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, रफ म्हणजे रफ वही." समुद्राच्या बाबतीत 'रफ' म्हणजे अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा, हे सांगून मी मीटरपट्टीने भिंतीवर अडीच मीटरची खूण केली. ती फळ्याच्या वरच्या कडेच्याही वर गेली, आणि चार मीटरची खूण करायला भिंतच पुरली नाही. "म्हणजे समुद्र खवळलाय," असे तोच मुलगा हळू आवाजात म्हणाला. 'गस्टिंग' हा शब्द मात्र मला त्यांनीच समजावून दिला. वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर आणि 'गस्टिंग टू 65' असे लिहिलेले असेल, तर होडीला धोका त्या 65 च्या झोताचा असतो, हे त्यांना वडिलांकडून ठाऊक होते. फक्त त्या झोताला इंग्रजीत काय म्हणतात, एवढेच त्यांना हवे होते.

निफाड
द्राक्ष बागायतदारांसाठी मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. 'ॲट आयसोलेटेड प्लेसेस' याचा अर्थ शब्दकोशात पाहून एकाने 'निर्जन ठिकाणी' असा सांगितला आणि मग पाऊस रानात पडणार, वस्तीवर नाही, असा निष्कर्षही काढला. हवामान खात्याच्या भाषेत याचा अर्थ त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस, म्हणजेच आपल्या बातम्यांतले 'तुरळक ठिकाणी', हे कळल्यावर शेजारच्या गावात पाऊस झाला आणि आपल्याकडे नाही, म्हणून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही, हेही त्यांना पटले. विशेषणांमागचे आकडेही मी पाठ करून घेतो : 24 तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत 'लाइट', 64.5 पासून पुढे 'हेवी'. त्यावर एका काकांनी जे सांगितले ते मी आता प्रत्येक तुकडीला सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना डाऊनी हा बुरशीचा रोग यायला तो 'लाइट' पाऊसही पुरतो, त्यामुळे अंदाजातला शब्द हलका असला तरी फवारणीची तयारी ठेवावी लागते.

न्यू जर्सी
माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि त्यांना टीव्हीवरचा अंदाज स्वतः समजून घ्यायचा होता. 'हाय ऑफ फिफ्टी' ऐकताच त्या घाबरल्या, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यातही त्यांनी पन्नास अंश कधी पाहिले नव्हते. फॅरेनहाइट शिकवायचे कसे, या विचारात असताना ते त्यांना आधीच येते, हे माझ्या लक्षात आले. ताप आपण घरी फॅरेनहाइटमध्येच मोजतो. "शंभर म्हणजे अंगात ताप, तेवढी बाहेरची हवा तापलेली, बत्तीस म्हणजे पाण्याचा बर्फ," एवढ्या दोन खुणा दिल्या आणि पन्नास त्यांच्यामध्ये कुठे बसते, ते त्यांनीच ठरवले. दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना त्यांनी स्वेटर घातला होता.

पुणे
आमच्या महिला वर्गात 'कोल्ड' शिकवताना सर्दी आणि थंडी दोन्हींना एकच शब्द कसा, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मी 'आय हॅव अ कोल्ड', 'आय ॲम कोल्ड' आणि 'इट इज कोल्ड' ही तीन वाक्ये रुमाल, शाल आणि उघडी खिडकी दाखवून शिकवते. तिसऱ्या वाक्यातला 'इट' म्हणजे कोण, या प्रश्नाला मला अजून सोपे उत्तर सापडलेले नाही. मराठीत थंडी स्वतः पडते आणि पाऊस स्वतः येतो, त्यामुळे कर्त्याच्या जागी नुसता उभा असलेला हा 'इट' आमच्या बायकांना उपरा वाटतो. कुणाला तो नीट समजावता आला असेल, तर अवश्य लिहावे.