एज का साईड? मोबाईलचा व्हिडिओ दाखवून पंचाचा निर्णय बदलता येतो का?

परभणीकर_बाप

मंडळी, राग उतरला नाही म्हणून रात्रीच लिहायलोय. लेक तेरा वर्षांखालच्या गटात टेबल टेनिस खेळते. काल शेजारच्या जिल्ह्यात स्पर्धा होती, पहाटेच्या एसटीनं गेलो. पाचवा गेम, ९-९. समोरची पोरगी डावखुरी. लेकीनं तिला पार कडेला ओढलं, तर ती टेबलाच्या बाहेर दोन पावलं जाऊन तिथून बॉल वळवून आणला. बॉल आमच्या अर्ध्या टेबलाच्या कडेला लागला अन् सरळ खाली, लेकीच्या गुडघ्यापाशी. पंचानं तिच्या बाजूनं मूठ वर केली. लेक म्हणाली, "सर, साईडला लागला." पंच म्हणे, "एज होती, मी बघितलं." (टेबलाच्या वरच्या काठाला, म्हणजे एजला, लागला तर पॉइंट तिचा; खालच्या उभ्या बाजूला, म्हणजे साईडला, लागला तर आमचा.)

पुढचा पॉइंट लेकीनं रागातच नेटमध्ये घातला. ११-९, खेळ खलास.

पंच एकटाच होता. समोरच्या असिस्टंट पंचाच्या खुर्चीवर कोणाची तरी किट बॅग ठेवलेली. अन् बॉल लागला तो पंचाच्या पलीकडच्या कडेला! माझ्या मोबाईलमध्ये सगळं आलंय. पंचांच्या वरचे स्पर्धेचे रेफ्री असतात, त्यांच्याकडं घेऊन गेलो तर त्यांनी मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही. टीव्हीवर तर मोठ्या खेळाडूंना रिव्ह्यू मिळतो, मग आमच्या लेकरानं काय घोडं मारलंय? येताना बसमध्ये पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली, जिंतूर येईस्तोवर एक शब्द नाही.

पांढरी_टोपी_लातूर

दादा, मी वीस-बावीस वर्षं पंचगिरी करतोय, म्हणून आधी कडू ते सांगतो. रेफ्रींनी बरोबर केलं. बॉल कुठं लागला हा घटनेचा प्रश्न आहे, त्यावर पंचाचा निर्णय शेवटचा. रेफ्रीकडं दाद मागता येते ती नियमाच्या अर्थावर. पंच "साईडला लागला तरी पॉइंट देतो" म्हणाला असता तर तुमची तक्रार चालली असती. "एज लागली" म्हणाला, विषय संपला. रिव्ह्यूचं म्हणाल तर तो जिथं आयोजकांनी कॅमेऱ्यांसकट ठेवलेला असतो तिथंच. २०१९ च्या डिसेंबरात चीनमध्ये झेंगझोऊला वर्ल्ड टूर ग्रँड फायनल्समध्ये त्याची चाचणी झाली. आपल्याकडं जिल्ह्याला स्कोअरबोर्डाची पानं वाऱ्यानं उलटतात, तिथं कॅमेरे कुठले?

आता तुमच्या बाजूनं. असिस्टंटच्या जवळच्या कडेचा निर्णय असिस्टंटच देतो, तो कामच त्याचं. कामून? टेबल ७६ सेंटिमीटर उंच. खुर्चीत बसलेल्या पंचाची नजर त्याच्या वरून जाते, त्याला पलीकडच्या कडेचा वरचा काठ दिसतो, खालची उभी बाजू दिसतच नाही. वरचा काठ हा टेबलाचा भाग, उभी बाजू नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींमधून निवडायचं त्यातली एक त्या बिचाऱ्याला दिसणारच नव्हती.

मग आम्ही अंदाज कशावर बांधतो? बॉल टेबलावरून येऊन काठाला लागला तर तो बहुतेक एजच. बाहेरून, टेबलाच्या पातळीखालून आला तर साईडचा संशय. लागून वर उडाला तर एज धरायची, खाली गेला तर साईड. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन्ही खुणा साईडच्याच दिसतात. पण लिहिणारा बाप आहे, हेही मी धरून चालतो.

सिडको_चॉपर

काका, व्हिडिओ साध्या मोडवर काढलाय की स्लो मोशनवर? साधा असेल तर हिशेब बघा. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. जोरात मारलेला बॉल सेकंदाला १५ मीटर जातो असं धरा, म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत अर्धा मीटर. बॉल आहे ४० मिलिमीटरचा. २४० फ्रेमवर काढला तरी मधे सहा सेंटिमीटर सुटतात, म्हणजे दीड बॉल.

परभणीकर_बाप

साध्यावर काढलाय. आत्ता तुमचं वाचून फ्रेम फ्रेम थांबवून बघितला. एका चित्रात बॉल टेबलापासून वीतभर लांब, पुसट पांढरी रेघ. पुढच्या चित्रात लेकीच्या गुडघ्याजवळ. मधलं काहीच नाही. काल अख्ख्या बसला हाच व्हिडिओ "पुरावा" म्हणून दाखवत होतो.

नांदेडची_ताई

मी शाळेतल्या पोरींना शिकवते. एजवरून मॅचमध्ये एकदा-दोनदा भांडण होतं, सर्व्हिसवरून दर मॅचला. सर्व्हिस करताना बॉल उघड्या तळहातावरून १६ सेंटिमीटर तरी वर उडायला पाहिजे, म्हणजे नेटपेक्षा जराशी जास्त, नेट १५.२५ असते. निम्म्या पोरी हातातूनच मारतात. कडक पंच पहिल्या शंकेला ताकीद देतो, नंतर पॉइंट कापतो, अन् मग पालक म्हणतात आमच्याच लेकरावर डोळा. असो, हे माझं रडगाणं.

दादा, एक करून बघा. टेबलाच्या वरच्या काठावर पांढरा खडू घासा, उभ्या बाजूवर हळद लावा. बाहेरून बॉल वळवून मारा. बॉलवर पांढरं आलं का पिवळं, बघा. माझ्या पोरी आता डोळे मिटून आवाजावरून ओळखतात. अन् लेकीला जर्मनीच्या टिमो बोल या खेळाडूचं सांगा. २००५ ची शांघायची वर्ल्ड चॅम्पियनशिप, चीनच्या लिऊ ग्वोझेंगशी शेवटचा गेम, मॅच पॉइंट बोलकडं. पंचानं लिऊचा बॉल बाहेर दिला, म्हणजे मॅच बोलनं जिंकली. त्यानंच पंचाला सांगितलं, एजला लागलाय. मग मॅच हरला.

पांढरी_टोपी_लातूर

ताई, हळद नको! क्लबवाले टेबल धुवायला लावतील. निळा खडू घ्या.

परभणीकर_बाप

चार दिवसांनी लिहायलोय. टोपीसरांचं ऐकून निळा खडू आणला. रविवारी क्लब रिकामा होता. मी बाहेरून मारतोय, ती कडेशी बसून बघतेय. माझे पहिले दहा-बारा तर टेबलालाच लागले नाहीत, पोरगी पोट धरून हसली. मग जमायला लागलं. पांढरा लागला की टणक बारीक आवाज, निळा लागला की बसका. पाच-सहा बॉलनंतर तिनं पाठ फिरवली अन् नुसत्या आवाजावरून सांगायला लागली. एकदाच चुकली.

मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी हाच बसका होता." मी म्हणलं, मी आधीपासून तेच सांगायलोय की. तर खडू पुसत म्हणाली, "अन् दुसऱ्या गेमला माझा बॉल लागला ना १०-८ ला, तोसुद्धा असाच होता. सरांनी एज दिली. मी गप बसले."

घरी येऊन व्हिडिओ परत लावला. १०-८ चा बॉल चित्रात नाहीच, मधे एकाचं डोकं आलंय. आवाज मात्र आहे, बसका. अन् त्यावर माझं ओरडणं, "शाब्बास गं पोरी, एज!"