मदत हवी आहे : जुन्या लंडनमधले पाणके

वाचनगटात पुढच्या रविवारी मला जुन्या लंडनच्या पाण्यावर बोलायचंय. तेराव्या शतकात शहराबाहेरच्या टायबर्न ओढ्याजवळच्या झऱ्यांचं पाणी शिशाच्या नळाने चीपसाइडच्या बाजारपेठेत आणलं, तिथे मोठा हौद बांधला आणि घरच्या वापराला पाणी फुकट, पण बिअर बनवणारे इतकं उपसायचे की १३४५ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली, म्हणजे पाण्यावरून भांडणं तिथेही होतीच बघा! ज्यांना भरायला जमत नसे त्यांच्याकडे पाणके पैसे घेऊन घरपोच द्यायचे, लोखंडी पट्ट्यांचं उंच लाकडी भांडं खांद्यावर घेऊन. मला खरं तर याच माणसांबद्दल बोलायचंय, राजाराण्यांबद्दल सगळेच बोलतात. मग १६१३ मध्ये ह्यू मिडलटन या सोनाराने लंडनच्या उत्तरेच्या हर्टफर्डशर परगण्यातून जवळपास ६० किमीचा कालवा आणला, त्याचं पाणी एल्म झाडाचे ओंडके पोखरून केलेल्या नळांतून घरोघरी जायला लागलं.

आता प्रश्न असा की घरात नळ आल्यावर या पाणक्यांचं काय झालं, धंदा बसला की गल्लीबोळातल्या गरिबांकडे चालूच राहिला? आणि एका खेपेला किती पैसे घ्यायचे? कोणी यावर वाचलं असेल किंवा लंडनच्या म्युझियममध्ये ते भांडं प्रत्यक्ष पाहिलं असेल तर प्लीज सांगा, फोटो असेल तर फारच बरं होईल.