अनुभव धागा: आफ्रिकेतल्या शहरांतली तरुण मंडळी, त्यांची स्टाईल, त्यांचे विनोद

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडच्या गप्पा मसाई मारा, सिंह, जिराफ इथून सुरू होतात आणि फार तर गांधीजींच्या पीटरमारित्झबर्ग स्टेशनपर्यंत जाऊन थांबतात. तिथल्या शहरात राहणारी, सकाळी बसला लटकून कामावर जाणारी वीस-बावीस वर्षांची पोरं कशी राहतात, काय घालतात, कशावर हसतात हे कुणी लिहितच नाही. ज्यांनी तिथं दिवस काढलेत त्यांनी इथं लिहा. लहान-मोठं कसंही चालेल, फक्त सफारीचे फोटो नकोत प्लीज.

मी नैरोबीपासून सुरू करते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पार्कलँड्समध्ये राहायचो. आपल्या लोकांचा शिरस्ता म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर, पण मला शहरात जायला मटाटूच आवडायची. मटाटू म्हणजे खाजगी मिनीबस, आणि त्यातली सजवलेली असेल तिला पोरं न्गान्या म्हणतात. बाहेरून पूर्ण रंगवलेली, कुणा फुटबॉलपटूचा नाहीतर रॅपरचा मोठा चेहरा, आत स्क्रीन, रंगीत लाइट, आणि बास एवढा की खिडकीची काच थरथरते. रोंगाईच्या रूटवरच्या न्गान्या तर प्रसिद्धच आहेत. कॉलेजची पोरं साधी गाडी समोर रिकामी उभी असली तरी सोडून देतात आणि आपल्या लाडक्या गाडीसाठी थांबतात. २००४ मध्ये मिचुकी नावाच्या मंत्र्यांनी नियम आणले, सीटबेल्ट, वेगाला लगाम, बाजूने पिवळा पट्टा, आणि चित्रं बंद. सीटबेल्टचं ठीकच होतं, पण चित्रं गेली तेव्हा गाड्या रंगवणाऱ्या कितीतरी पोरांचं काम गेलं. दहाएक वर्षांनी उहुरू केन्याटा राष्ट्राध्यक्ष असताना ती बंदी सैल झाली आणि रंग परत आले.

कंडक्टरला मकांगा म्हणतात. बहुतेक विशीतला पोरगा, दारात एका हाताने लटकलेला, दुसऱ्या हाताच्या बोटांत उभ्या घडी घातलेल्या नोटा, बूट मात्र चकाचक. पाऊस आला की भाडं वाढतं हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. एकदा अशाच पावसात एक वयस्कर बाई त्याच्यावर चिडल्या, तर तो म्हणाला, "मम्मी, पाऊस मी पाडला नाही, पण भिजतोय मीच." अख्खी गाडी हसली, त्या बाईही हसल्या आणि त्याने त्यांच्याकडून रोजचंच भाडं घेतलं. ही सगळी बोलाचाली शेंगमध्ये, म्हणजे स्वाहिली आणि इंग्रजीच्या मिश्रणातून पोरांनी घडवलेल्या बोलीत. ईस्टलँड्सच्या वस्त्यांतून ती आली आणि इतक्या वेगाने बदलते की पाच वर्षांपूर्वीची शेंग बोलणारा आज म्हातारा समजला जातो. माझ्या हाताखालच्या मुलीच मला दर महिन्याला नवे शब्द शिकवायच्या.

मीठभाकर

मस्त धागा! नैरोबी निघालंय तर खाण्याचं मी सांगतो. आपली चपाती तिथं गेली आणि तिथलीच झाली. कॉलेजच्या गेटबाहेर गाडीवर चपातीत स्मोकी म्हणजे छोटं सॉसेज आणि कचुंबरी गुंडाळून देतात, त्याचं नाव स्मोचा. युगांडात कंपालाला अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळतात त्याला रोलेक्स म्हणतात. हो, घड्याळासारखंच. महिनाअखेरीला खिशात फार नसतं तेव्हा अर्धं शहर यावरच असतं आणि गाडीभोवती उभं राहून एकमेकांची टर उडवत खाल्लं जातं. चव? दोन्हीत रोलेक्स सरस, यावर मी वाद घालायला तयार आहे.

लागोसवाला

मी नायजेरियात लागोसला जनरेटरच्या सर्व्हिसिंगच्या कामात होतो, त्यामुळे घराघरात जाणं झालं. तिथल्या मेनलँडवर जुन्या वस्त्यांत एक घराचा प्रकार असतो, नावच आहे 'फेस मी आय फेस यू'. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूला समोरासमोर खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. आपली गिरणगावातली चाळच म्हणा ना, फक्त गॅलरीच्या जागी बोळ. माझा एक सहकारी मुशिनला अशाच खोलीत दोन भावांबरोबर राहायचा. वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून रात्री तीनला आली तर तीनला उठून इस्त्री करायची. एकजण इस्त्री धरायचा, दुसरा बाहीवर पाणी शिंपडायचा, तिसरा तिघांचे फोन चार्जिंगला लावायचा. आणि सकाळी त्या खोलीतून तिघं असे कडक बाहेर पडायचे की कुठल्या बंगल्यातून आलेत असं वाटावं. शुक्रवारी तर बऱ्याच ऑफिसांत पारंपरिक कपडे घालायची पद्धत आहे, त्या दिवशी लागोस बघावं. लग्नाला 'आसो एबी' असतं, म्हणजे घरच्यांनी एक कापड ठरवायचं आणि पाहुण्यांनी ते विकत घेऊन आपापल्या शिंप्याकडून शिवून यायचं. शिंप्याने काय शिवलं आणि आपण काय सांगितलं होतं यावर तर त्यांच्याकडे फोटोंसकट विनोदांचा अख्खा प्रकारच आहे.

वीज आली की गल्लीभर पोरं ओरडतात "अप नेपा!" नेपा ही जुनी सरकारी वीज कंपनी, ती बंद होऊन तिचे तुकडे होऊन विकले गेले तरी आरोळी तीच. सगळ्यात छोट्या स्वस्त जनरेटरला लोकांनी नाव ठेवलंय 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा माझं बरं. मी दिवसभर त्याच यंत्रात हात घालून बसायचो त्यामुळे हे नाव मला फारच आवडायचं.

डान्फो म्हणजे तिथली पिवळी बस, काळे पट्टे असलेली. कंडक्टर आधीच ओरडतो की सुट्टे घेऊनच चढा. नसतील तर तो दोन अनोळखी प्रवाशांना मिळून एक मोठी नोट देतो आणि सांगतो की तुम्ही दोघं खाली उतरून आपसात वाटून घ्या. मग ते दोघं उतरून टपरी शोधतात, पाणी नाहीतर बिस्किट घेतात, नोट मोडतात. मला अशा एका नोटेमुळे याबा भागात एक मित्र मिळाला, तो फोनवर छोटे विनोदी व्हिडिओ करायचा. आई, बाप, मास्तर, पोलिस सगळे तोच, फक्त डोक्याला फडकं बांधलं की आई. आता तर ताओमासारख्या मुलींनी एकटीने सगळी पात्रं करून लाखो लोक जमवलेत. या व्हिडिओंत दारिद्र्य आहे, पोलिसांची वसुली आहे, आईचा मार आहे, आणि तरी बघताना रडू येत नाही. माझ्या मते आज शहरी माणसाच्या जगण्याबद्दल जगात सगळ्यात नेमकं कोण बोलत असेल तर ही नायजेरियन पोरं.

भटकी

लागोसवाला दादा, ती नोट वाटून घ्यायची गोष्ट वाचून जोबर्गची, म्हणजे जोहान्सबर्गची टॅक्सी आठवली! मी ब्रामफाँटेनला नोकरी करत होते, विट्स विद्यापीठाच्या जवळच. तिथं मिनीबस टॅक्सीला बोर्ड नसतो. तुम्ही रस्त्यावर उभं राहून हाताने खूण करायची. तर्जनी वर म्हणजे शहरात जायचंय, खाली म्हणजे इथंच जवळपास. आत बसलात की मागच्या रांगेतून पैसे पुढे पुढे येतात आणि ड्रायव्हरशेजारी जो बसलाय त्याने सगळ्यांचा हिशेब करून सुट्टे परत पाठवायचे. म्हणून पुढची सीट कुणालाच नको असते. मी मराठी शाळेतली, पाढे तोंडपाठ, मला कायम पुढे बसवायचे आणि मागून कौतुकाने ओरडायचे.

कपड्यांचं काय सांगू. पांट्सुला नाचणारी पोरं बघा, कॉन्व्हर्स ऑल स्टारचे बूट, डिकीजची पँट आणि डोक्यावर स्पोटी म्हणजे ती गोल कापडी टोपी. पँट जराशी आखूड, कारण पायांचं काम दिसलं पाहिजे. हा नाच टाउनशिपमधला, म्हणजे काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांतला, वर्णभेदाच्या काळापासूनचा, आणि आज आमापियानो नावाच्या नव्या संगीतावर पण पोरं त्याच पायांनी नाचतात. आमापियानो तर आता पुण्याच्या पबमध्ये पण वाजतं, पण ते प्रिटोरिया-जोबर्गच्या टाउनशिपमधल्या पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर बनवलं आणि टॅक्सीत वाजवून, फोनवरून फोनवर पाठवून मोठं केलं हे लक्षात असू द्या. टॅक्सी ड्रायव्हरनी पसंत केलं की गाणं शहरभर झालंच.

शहराच्या मध्यभागी राहणं मात्र सोपं नाही, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. मालकांनी सोडलेल्या इमारतींवर टोळ्यांनी ताबा मिळवायचा, पुठ्ठ्याच्या भिंती घालून खोल्या भाड्याने द्यायच्या, पाणी नाही, जिन्याला कुलूप. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मार्शलटाऊनच्या अशाच एका इमारतीला आग लागली आणि ७० हून जास्त माणसं गेली. आमच्या ऑफिसच्या कँटीनमधली एक मुलगी अशाच दुसऱ्या इमारतीत राहायची. ती रोज नखं वेगळ्या रंगाची लावून यायची, केसांच्या वेण्या दर पंधरवड्याला नव्या. मी एकदा विचारलं की एवढा खर्च कशाला, तर म्हणाली, खोली माझी नाही, डोकं माझं आहे. त्यानंतर मी तिला तो प्रश्न कधी विचारला नाही, उलट कुठली वेणी कुठे घालतात ते विचारत राहिले.

टॉवरवाला

मोबाईल टॉवरच्या कामाने काँगोत किन्शासाला होतो. तिथले सापर, म्हणजे भारी कपडे घालून रस्त्यावर मिरवणारे हौशी लोक, सगळ्यांनी फोटोत बघितले असतील, गुलाबी सूट, सिगार, छत्री. फोटोत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चाल. माटोंगेत संध्याकाळी एकजण चालत आला, चिखलाचा रस्ता, आणि हा पँटचा काठ दोन बोटांनी उचलून, थांबून, वळून, कोटाचं अस्तर दाखवून, मग पुढचं पाऊल. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. दुसरा समोरून आला आणि दोघांची जुगलबंदी सुरू. शिवीगाळ नाही, मारामारी नाही, त्यांच्यात तो नियमच आहे की सापर माणूस भांडत नाही.

हुकूमशहा मोबुटूच्या काळात सूट-टाय घालायला बंदी होती, त्याऐवजी आबाकोस्त नावाचा बंद गळ्याचा कोट. तेव्हा पापा वेंबासारख्या गायकाच्या मागे तरुण पोरं नटायला लागली, त्याला त्या काळात धाडस लागायचं. नदीपलीकडे ब्राझाव्हिलला बाकोंगो भागात जरा शिस्तीचा प्रकार, अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत. किन्शासावाले जास्त मोकाट, जपानी डिझायनरचे काळे घोळदार कपडे पण घालतात. बायका पण आहेत यात, पुरुषी सूट घालून पुरुषांना हरवणाऱ्या.

लोक म्हणतात पोटाला नाही आणि बूट महागाचे. मला हे बोलणं पटत नाही. आमच्या साइटवरचा वॉचमन सापर होता, त्याने पोरांची फी थकवली नव्हती, दारू पीत नव्हता, आणि एक कोट तीन जणांत मिळून घेतला होता, रविवार वाटून. आपण सोनं करून कपाटात ठेवतो, तो कोट करून रस्त्यावर नेतो.

सुईदोरा

माझा धंदाच कपड्याचा म्हणून जुन्या कपड्यांबद्दल. केनियात त्याला मितुम्बा म्हणतात. युरोप-अमेरिकेतून टाकलेले कपडे गाठोडी बांधून येतात, आपल्या कांडला सेझमध्ये पण निवडून पुढे आफ्रिकेला जातात. नैरोबीच्या गिकोंबा बाजारात पहाटे गाठोडं फुटतं. त्यातला पहिल्या निवडीचा, सगळ्यात भारी माल म्हणजे 'कॅमेरा'. त्यासाठी पोरंपोरी अंधारात येऊन उभी राहतात, शिलाई उलटी करून बघतात, कॉलर हुंगतात, चेन तीनदा ओढतात. मी तीस वर्षं कापड बघतोय, पण एका विशीतल्या पोरीने अंधारात फक्त बोटांनी लिनन आणि व्हिस्कोज वेगळं करताना बघून थक्क झालो. शेजारीच शिंपी मशीन घेऊन बसलेले असतात, तिथंच खांदा आवळून, लांबी कापून, दुपारी ते इन्स्टाग्रामवर विकायला. त्यांची जी स्टाईल आपण वाखाणतो ती या मेहनतीतून येते.

तोटाही आहेच, नको असलेला कचरा त्यांच्याच नाल्यात जातो आणि तिथल्या कापड गिरण्यांची वाट लागली त्यात या मालाचाही वाटा आहे. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

चाकणकर

टांझानियातल्या दार-एस-सलामबद्दल दोन ओळी. तिथं रिक्षाला बजाजीच म्हणतात, आपल्या आकुर्डीचं नाव! मागच्या काचेवर पोरं म्हणी, टोमणे, फुटबॉल क्लबची नावं लिहितात. सिंबा आणि यांगा या दोन क्लबांवरून अख्खं शहर दोन तुकड्यांत. सिंबाचा रिक्षावाला यांगाच्या टी-शर्टवाल्याला बसवतो खरा, पण उतरेपर्यंत सुखाने बसू देत नाही. आणि बायकांच्या कांगा कापडावर एक वाक्य छापलेलं असतं, शेजारणीला टोमणा मारायचा असेल तर बोलायचं नाही, तो कांगा नेसून तिच्या दारावरून जायचं. तरुण मुली आता त्याचेच जॅकेट आणि बॅगा शिवतात.

डोंबिवली_नैरोबी

मी २०२४ च्या जूनमध्ये नैरोबीत होतो. नव्या करांचं फायनान्स बिल आलं आणि तिथली विशीतली पोरं रस्त्यावर उतरली, कुठला पक्ष नाही, पुढारी नाही, जमात नाही. बिल किचकट होतं तर टिकटॉकवर शेंगमध्ये आणि आपापल्या भाषांत समजावून सांगितलं. राष्ट्राध्यक्ष रुटोंना आधीच नाव पडलं होतं झाकायो, बायबलमधला झाडावर चढलेला करवसुलीवाला, आणि घोषणा होती "झाकायो शुका", झाकायो खाली उतर. मी राहायचो त्या इमारतीतल्या मुली सकाळी मेकअप करून, चांगले बूट घालून, बॅगेत पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन निघाल्या. मी म्हटलं एवढं नटून? तर म्हणे फोटो जगभर जाणारेत, नीट दिसलो पाहिजे. २५ जूनला संसदेत लोक घुसले, गोळीबार झाला, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी बिल मागे घेतलं. त्या मुलींपैकी एकीचा वर्गमित्र परत आला नाही. तिने आठवडाभर काही पोस्ट केलं नाही आणि मग त्याचेच जुने विनोद एकेक करून टाकायला लागली, कारण तो त्यासाठीच ओळखला जायचा.

प्रवासी

सगळं एका बैठकीत वाचलं. मी ऑगस्टमध्ये घानाला, आक्राला जातोय ऑफिसच्या कामाने, रविवार मोकळा आहे. कुठे जावं?

भटकी

ऑगस्ट म्हणजे चाले वोटेची तारीख बघून ठेवा, जेम्सटाऊनच्या रस्त्यांवर सुरू झालेला कलेचा उत्सव, २०११ पासून चाललाय. आणि कांतामांतो बाजार, जुन्या कपड्यांचा. २०२५ च्या सुरुवातीला तिथं मोठी आग लागली, बरंच जळलं, पण विक्रेत्यांनी लगेच परत उभं करायला घेतलं. रविवारी नका जाऊ, आठवड्यात सकाळी वेळ काढा. जाताना ट्रोट्रो म्हणजे तिथली मिनीबस घ्या, त्यावर मागे काय लिहिलंय ते वाचा, सुट्टे जवळ ठेवा. आणि जे दिसेल ते इथं येऊन लिहा, आक्राचं अजून कुणीच लिहिलं नाहीये.