चोंग्रादची वाचनमंडळं: लोकशाहीची शाळा की सरकारी परवान्याची सभा?

तिसाकाठ (धागालेखक)

हंगेरीत लोकशाही 1989 मध्ये, साम्यवादी राजवट संपली तेव्हा, आयती आली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. दक्षिणेतला चोंग्राद जिल्हा (2020 पासून चोंग्राद-चनाद) बघा. तिसा नदीकाठचा सपाट मुलूख, होदमेझोवाशारहेय शहराभोवती दूरदूर विखुरलेल्या शेतावरच्या वस्त्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या शेतकऱ्यांनी 'ओल्वाशोकोर', म्हणजे वाचनमंडळं काढली. वर्गणी काढून वर्तमानपत्रं मागवायची, हिवाळ्यात कामं थंडावली की जमून वाचायचं, वाद घालायचे. नाच आणि पत्तेही तिथेच. माझ्या लेखी खरं मोल पुढचं आहे: पदाधिकारी निवडून येत, सभेचं इतिवृत्त लिहिलं जाई, जमाखर्च सभासदांपुढे ठेवावा लागे. पहिल्या महायुद्धापर्यंत देशात जेमतेम 6-7 टक्के लोकांना संसदेसाठी मताचा हक्क होता. ज्याला राज्यकारभारात कोणी विचारत नव्हतं, तो इथे उभा राहून हिशेब मागू शकत होता. 1946 मध्ये कम्युनिस्ट गृहमंत्री लास्लो रायक यांनी देशभरातल्या सुमारे 1,500 संस्था बरखास्त केल्या. तिथे ही परंपरा मोडली गेली.

मुळाक्षर

साफ असहमत. संस्थेची नियमावली गृहखात्याकडून मंजूर करून घ्यावी लागे, हे तुम्ही सोडून दिलंत. हिशेब मागण्याची मुभा कोणाला होती, ते होदमेझोवाशारहेयमध्येच दिसलं. शेतमजुरांनी आणि मातीकाम करणाऱ्यांनीही आपलं मंडळ काढलं होतं, पुढारी सांतो कोवाच यानोश. एप्रिल 1894 मध्ये त्यांची कागदपत्रं जप्त झाली, जाब विचारायला गेलेल्या यानोशना अटक झाली, आणि त्यांना सोडवायला नगरभवनापुढे जमलेल्या लोकांवर सशस्त्र बळ घातलं गेलं. यानोशना 5 वर्षांची शिक्षा झाली. 1898 मध्ये शेतमजुरांचा संप चिरडणारा कायदा आला, त्याला लोक 'गुलामीचा कायदा' म्हणत. परंपरा 1946 च्या कितीतरी आधीच मोडली जात होती.

शिवाय संस्था म्हणजे चांगलंच, असं थोडंच आहे? पुढे पंतप्रधान झालेल्या ग्युला गोम्बोश यांची 'मोवे' हीसुद्धा सभासदांची संघटनाच होती, पुरती ज्यूद्वेष्टी. 1919 मध्ये बुडापेस्टमधल्या साम्यवादी सरकारविरुद्ध याच जिल्ह्यातल्या सेगेद शहरात जमलेल्या प्रतिक्रांतिकारकांत गोम्बोश आघाडीवर होते.

तिसाकाठ

मोवेबद्दल वाद नाही. पण 1894 माझीच बाजू मांडतं. जमीनदाराच्या कोठारावर चाल करून न जाता ते मजूर आपल्या मंडळाचे कागद आणि आपला पुढारी परत मागायला नगरभवनावर गेले. कागदाची ही किंमत त्यांना कुठे कळली? मंडळातच ना!

पाणवठा

तुम्ही दोघंही शेतकरी आणि मजूर यांच्यातच अडकलात. सेगेदलाच 1935 मध्ये येनो केर्काई या जेझुइट धर्मगुरूंनी 'कालोत' ही खेड्यातल्या कॅथलिक तरुणांची संघटना उभी केली. पुढे तिने तरुण शेतकऱ्यांसाठी लोकविद्यालयं चालवली. तीही 1946 मध्ये बंद पाडली गेली. त्यामुळे रायक यांनी काय मोडलं, हा प्रश्न मला गौण वाटत नाही.

मात्र लोकशाहीची सवय या मंडळांकडून वारशाने आली, हे म्हणणं मला मान्य नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला सेगेदच्याच विद्यार्थ्यांनी सरकारी युवक संघटनेला बाजूला सारून 'मेफेस' ही स्वतंत्र संघटना काढली. साम्यवादी राजवटीविरुद्धचा बुडापेस्टचा उठाव त्यानंतर आठवड्याने झाला. मंडळं बंद पडली तेव्हा ही मुलं शाळकरी वयाची होती. त्यांनी कुठल्या सभेत हिशेब मागितला होता? दडपण असह्य झालं की माणसं एकत्र येतात, आधीचा सराव असो वा नसो.

तिसाकाठ

पण त्यांचे वडील, आजोबा त्या मंडळांत बसले असतील. घरात कशाच्या गप्पा होत, हे कायद्याने बंद करता येत नाही.

मुळाक्षर

हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. आता 2018 ची होदमेझोवाशारहेयची महापौर पोटनिवडणूकही याच खात्यात टाकू नका. तेव्हाच्या सत्ताधारी फिदेस पक्षाच्या बालेकिल्ल्यात पेतेर मार्की-झाय अपक्ष उभे राहून जिंकले, कारण सगळे विरोधक त्यांच्यामागे एकवटले. परवान्याचं म्हणाल तर 2017 च्या कायद्याने परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना तशी जाहीर नोंद करायला लावलं. 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो नियमबाह्य ठरवला, तेव्हा 2021 मध्ये तो मागे घ्यावा लागला. गृहखात्याच्या मंजुरीपासून इथपर्यंत सरकारची नजर हटलेली नाही, आणि तुमच्या मांडणीत ती नजरच नाही.