उन्हाळ्यातला सडा, नदी, रानफुलं : तुम्ही काय काय पाहिलंय?

सड्यापलीकडे
काल म्हापशाच्या बाजारात एक आजी चुन्नां, म्हणजे रानातली तोरणं, घेऊन बसली होती. बघितल्याबरोबर आमच्या गावचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आठवला. मे महिन्यात करवंदं खायला जायचो तिथे. परवाच कोणीतरी म्हणालं, उन्हाळ्यात सडा म्हणजे नुसता ओसाड दगड. मला खूप लागलं ते. टिटवी त्याच दगडावर अंडी घालते! घरटं असं नाहीच, चार खडे गोळा केले की झालं. अंडी जांभ्याच्या खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची, पायाशी असली तरी दिसत नाहीत. आणि दुपारी उन्हाचा तडाखा वाढला की ती पाण्यात पोट भिजवून येते नि अंड्यांवर बसते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कडेच्या झुडपांत अंजनी तर अशी फुलते की फांदी दिसत नाही, सगळा निळाजांभळा रंग. तुम्हीही लिहा.

वाळपईकर
धनेश!! आमच्या मागच्या रानात जोडी आहे. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. नर दिवसभर उंबरं-वडाची फळं आणून भरवतो. आई म्हणते असा नवरा मिळायला पुण्य लागतं 😄

दुर्भाटची लेक
माझं उन्हाळ्याचं नाही, पण नदीचं आहे म्हणून लिहिते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेही खाऱ्या पाण्यात. आमच्याकडे पौषी अमावास्येला मानगे थापणी असते. मातीची मगर करून पुजतात, तिने शेताचे बांध राखावेत म्हणून. लहानपणी तिच्या पाठीवर शिंपले टोचायचं काम आम्हा पोरांचं. भात उकळतंय, नंतर लिहिते.

पेडण्याहून
सुरंगी राहिली की! हंगाम संपला म्हणून विसरलात होय? फुलं थेट फांदीला चिकटून येतात, पहाटे कळ्या काढाव्या लागतात. घरात एक वळेसर (गजरा) असला की दोन दिवस वास जात नाही.

सड्यापलीकडे
@पेडण्याहून खरंच राहिली, वयनी. तुमच्याकडे झाड आहे?

पेडण्याहून
होतं. रस्ता रुंद करताना गेलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

वाळपईकर
😞

चोडणवाला
रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला या एकदा ओहोटीच्या वेळी. खारफुटीच्या मुळांत चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, मासा असून! आणि ते खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती हलवून मादीला बोलावतो. इथलं सलीम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरच आहे, पण तासभर एका जागी उभं राहिलं तरी बघून संपत नाही.

सत्तरीतली मास्तरीण
वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी मोडली, तिच्यावर सीतेची वेणी (झाडावर वाढणारं ऑर्किड) होती, अख्खा गुलाबी-पांढरा तुरा. मुलांनी ती काथ्याने फणसाला बांधली. दुसऱ्या वर्षी फुलली. वर्ग सोडून सगळे बघायला. रानात पडलेली दिसली तर उचला हो, झाडावरची मात्र काढू नका, हात जोडते.

दुर्भाटची लेक
आले. ताई किती छान 🙏 तुमच्या म्हादई नदीकडे काजवे सुरू झाले का?

सत्तरीतली मास्तरीण
एक पाऊस पडू दे. पहिल्या सरीच्या आगेमागेच जास्त दिसतात. येताना गाडीचे दिवे बंद ठेवा, टॉर्च मारत फिरू नका. उजेडात त्यांना जोडीदार दिसत नाही.

चोडणवाला
विषय सोडून विचारतो, भिरंडं (कोकमाची फळं) कोणाकडे आहेत? आमच्याकडे या वर्षी कमी.

पेडण्याहून
आमच्याकडे रग्गड! सोलं घालायला घेतलीत. सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची, म्हणजे काळी होतात. ऊन आहे तोवर उरकायचं. रविवारी या, पिशवी घेऊन या.

वाळपईकर
वयनी मी पण!