गॅसच्या भट्टीला फ्लू आणि चिमणी किती मापाची ठेवायची?

चाकमाती
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं इलेक्ट्रिक भट्टीवर काम केलं, आता पहिल्यांदाच स्वतः मातीची भांडी भाजायची गॅसची डाउनड्राफ्ट भट्टी (ज्वाळा वर चढून भांड्यांमधून खाली ओढली जाते ती) बांधतोय. आतली जागा ३० इंच रुंद, ३६ इंच खोल, ४२ इंच उंच, म्हणजे साधारण २६ घनफूट. दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार व्हेंचुरी बर्नर (गॅसच्या झोतानेच हवा ओढणारे), ब्लोअर नाही, एलपीजीवर चालणार, आणि कोन १० (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका) पर्यंत रिडक्शन, म्हणजे हवा कमी ठेवून भाजणं, करायचंय. विटा आल्यात, पायाही झालाय, पण मागच्या भिंतीतलं फ्लूचं, म्हणजे जळालेला वायू बाहेर जायचं, भोक आणि चिमणी यावर गाडी अडलीये. एक जण म्हणतो ९ बाय साडेचारचं भोक पुष्कळ झालं, दुसरा म्हणतो त्याच्या दुप्पट ठेव, चिमणी कोणी ८ फूट सांगतं कोणी १५. हे आकडे येतात कुठून तेच कळत नाहीये. एकदा विटा रचल्या की परत फोडायची इच्छा नाही, म्हणून आधीच विचारतोय.

राखेचा_रंग
आकडे येतात कुठून हे आधी बघू, मग मापं आपोआप पटतील.

तुझ्या बर्नरला ब्लोअर नाही, म्हणजे दुय्यम हवा (बर्नरभोवतीच्या भोकातून येणारी) आत खेचायची आणि जळालेला गॅस बाहेर न्यायचा, दोन्ही कामं चिमणीच्या ओढीवर. एक किलो एलपीजी जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. भट्टी जोरात असताना तू तासाला ६ किलो गॅस जाळतोयस असं धरलं तर थोडी जादा हवा मिळवून तासाला ११० किलोच्या आसपास गरम वायू त्या एका भोकातून बाहेर जायचाय, आणि १२५० अंशाला तो थंड हवेच्या पाचपट फुगलेला असतो! म्हणून फ्लू लहान पडला की भट्टी गुदमरते. भोक निम्मं केलंस तर तेवढाच वायू जायला वेग दुप्पट लागतो आणि अडथळा जवळजवळ चौपट होतो, निम्म्या भोकाने निम्मंच नुकसान होईल असं समजू नकोस.

आता मापं. नैसर्गिक ओढीच्या भट्टीत आत येणाऱ्या वाटांचं एकूण क्षेत्रफळ आणि बाहेर जाणाऱ्या फ्लूचं क्षेत्रफळ साधारण सारखं ठेवतात. बर्नरची भोकं ४ इंच व्यासाची धरली तर एकेक साडेबारा चौरस इंच, चार मिळून ५०. फ्लू ९ बाय ६ केलास तर ५४, म्हणजे बसतंय. ९ बाय साडेचार म्हणजे ४० च, ते कमी पडेल. चिमणीची आतली रुंदी भट्टीच्या रुंदीच्या पाव ते एक पंचमांश धरतात, तुझ्याकडे ते ६ ते साडेसात इंच येतं, पण विटांच्या मापात ९ बाय ९ सोयीचं.

उंचीचं गणित असं, ज्वाळा जितके फूट खाली ओढायचीये त्याच्या प्रत्येक फुटाला ३ फूट चिमणी, आणि आडव्या ओढीच्या दर ३ फुटांना आणखी १ फूट. तुझी उंची साडेतीन फूट, म्हणजे साडेदहा, आडवं ३ फूट धरून साडेअकरा. १२ फूट कर. हा अंदाज आहे, पण अनेकांच्या भट्ट्या यावर नीट चाललेल्या आहेत.

१२ फुटांच्या गरम चिमणीतून मिळणारी ओढ म्हणजे किती तर पाण्याच्या जेमतेम ३ मिलिमीटर उंचीइतका दाब. सगळी भट्टी एवढ्याशा दाबावर चालते, म्हणून एखादं अरुंद वळण किंवा आत सुटलेला मातीचा गोळाही जाणवतो.

लालमाती७
वरच्या हिशोबाला माझा अनुभव जोडते, कारण मी नेमकी हीच चूक केली होती. भट्टी साधारण एवढीच, खाली विटांची ९ बाय ९ चिमणी ५ फूट, आणि त्याच्यावर हाताशी होता म्हणून ६ इंची पाइप चढवला. ६ इंची गोल म्हणजे फक्त २८ चौरस इंच आणि खाली ८१, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ११५० पर्यंत भट्टी नीट चढली आणि मग अडकली ती अडकलीच. गॅस वाढवला की बघायच्या भोकातून पिवळ्या ज्वाळा बाहेर, डँपर (चिमणीतली सरकती झडप) पूर्ण उघडा तरी तेच, आतल्या भांड्यांवर काळं बसलं, तीन भट्ट्या अशाच वाया गेल्या. मी बर्नर बदलले, रेग्युलेटर तपासला, सिलेंडर गारठून दाब पडतोय का तेही बघितलं. शेवटी पाइप काढून १० इंची लावला, ते क्षेत्रफळ ७८ येतं, आणि पुढच्याच भट्टीत कोन १० वाकला.

तर चाकमाती, पाइप लावणार असशील तर व्यास बघू नकोस, क्षेत्रफळ बघ.

आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं, फ्लू मोठाच बांध. मागच्या भिंतीत खाली ९ बाय ९ चं भोक ठेव आणि आत विटांचे तुकडे ठेवून ते ५४ पर्यंत लहान कर. वीट सरकवायला दोन मिनिटं लागतात, भोक मोठं करायला भिंत फोडावी लागते. बॅगवॉल, म्हणजे बर्नर आणि भांड्यांमधली आडभिंत, तिलाही तेच, विटा सुट्या रच, फटी ठेवून. खालचे कोन मागे राहिले तर बॅगवॉलचा एक थर काढ किंवा फटी वाढव, वरचे मागे राहिले तर एक थर चढव. पहिल्या तीन-चार भट्ट्या तरी वर, मध्ये, खाली असे तिन्हीकडे कोन ठेव, नाहीतर काय बदललं ते कळणारच नाही.

चाकमाती
दोघांचेही मनापासून आभार, आकडे पहिल्यांदाच नीट समजले. आणखी दोन अडचणी आहेत, चिमणी भट्टीला चिकटून घेता येत नाही कारण मागे शेडचा खांब आहे, ४ फूट लांब न्यावी लागेल. आणि शेडचं छत पत्र्याचं, १० फुटांवर. शिवाय एक मित्र म्हणतोय चिमणी २० फूट केली तर प्रश्नच मिटेल, ते बरोबर का?

राखेचा_रंग
२० फूट करू नकोस. ओढ जास्त झाली की भट्टी फटीफटीतून थंड हवा ओढते, गॅस जास्त जातो, आणि रिडक्शन धरताना दमछाक होते कारण आत दाबच राहत नाही. चिमणी फार रुंद केली तरी वाईट, वायू त्यात रेंगाळतो, थंड होतो, ओढ मंदावते.

४ फूट आडवा फ्लू असेल तर वरच्या हिशोबाने दीडेक फूट उंची वाढव, वळणाचा अडथळा धरून १४ पर्यंत ने. पण खांब हलवता येत असेल तर आधी तो हलव, सरळ जवळची वाट केव्हाही बरी. आडव्या फ्लूचं क्षेत्रफळ भोकापेक्षा कमी ठेवू नकोस आणि साफ करायला एक सुटी वीट ठेव. लांब फ्लू थंड असताना सुरुवातीला ओढ धरतच नाही, मी चिमणीच्या तळाशी थोडा कागद पेटवून ती आधी गरम करतो, मग बर्नर लावतो.

पत्र्यातून जाताना चिमणीभोवती मोकळी जागा सोडून वरून पत्र्याची कॉलर कर, जवळपास लाकडी वासा असेल तर तो कापून दूर घे. टोक छताच्या सगळ्यात उंच भागाच्या वर जायला हवं, नाहीतर वारा फिरला की उलट झोत येतो. पावसाची टोपी लावलीस तर खाली भरपूर मोकळं अंतर ठेव.

भट्टीकर
ब्लोअरवाले बर्नर असते तर चिमणी बुटकी चालली असती, आणि अपड्राफ्टमध्ये (ज्वाळा सरळ वर जाणाऱ्या भट्टीत) तर भट्टीचं पोटच चिमणीचं काम करतं, त्यामुळे इतर भट्ट्यांची मापं तुझ्या भट्टीला लावू नकोस, तुझा गोंधळ मला वाटतं तिथूनच झालाय.

एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. डँपरची खाच फ्लूच्या वर, हात पोचेल अशा उंचीवर ठेव, त्यात भांडी ठेवायच्या शेल्फचा तुकडा सरकतो. आणि डँपरच्या खाली चिमणीच्या तळाला दोन सुट्या विटांची भोकं ठेव. वीट जराशी ओढली की चिमणीत थंड हवा शिरते आणि ओढ हळूच कमी होते, डँपर पाव इंच हलवण्यापेक्षा हे फार नाजूकपणे जमतं. रिडक्शनमध्ये मी डँपरला हातच लावत नाही, फक्त ही वीट, आणि वरच्या भोकातून ज्वाळेची जीभ दोन-तीन इंच बाहेर दिसली की पुरे.

रिडक्शनमध्ये कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, शेडमध्ये अलार्म लावच. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून पेटवण्याआधी दार आणि डँपर दोन्ही उघडे ठेवून भट्टी हवेशीर होऊ दे, आणि प्रत्येक बर्नरला ज्वाळा विझली की गॅस बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह घाल.

चाकमाती
ठरलं, ९ बाय ९ चं भोक, विटांनी ५४ वर आणणार. खांब हलतोय असं शेड बांधणाऱ्यांनी सांगितलंय, तर चिमणी जवळच येईल आणि १२ फूट पुरेल. तळाची दोन भोकं आजच आराखड्यात काढली. पहिली भट्टी लागली की तिन्ही कोनांचे फोटो इथेच टाकतो.